डिसेंबरात डग्लस फरवर चढायचंय : थंडी किती चालेल, अंगात काय घालावं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते मूळचे पुण्याचे, सध्या अमेरिकेत, ओरेगन राज्यात हिल्सबरोला असतात. सह्याद्रीत लिंगाणा, ड्यूक्स नोज वगैरे केलेलं आहे, दोरीची सवय आहे. गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका प्रशिक्षकाकडे दोरीने झाडावर चढायला शिकले आणि स्वतःचं सामानही घेतलं. आता नाताळच्या सुट्टीत बायकोबरोबर, मित्राच्या शेतावरच्या दीडशे फुटी डग्लस फरवर (सुईसारख्या पानांचं उंच झाड) चढायचा बेत आहे. बर्फ पडला तर त्यांना आणखी आनंदच. विचारलंय ते असं : किती अंशांपर्यंत चढलेलं चालतं, कपडे कुठले घ्यावेत, मित्राकडे बुटाला बांधायचे लोखंडी काटे पडून आहेत ते वापरावेत का, आणि शेजारचा शेवाळलेला मोठा मेपल जास्त सोपा पडेल का.

मी याच भागात, विलामेट नदीच्या खोऱ्यात बरीच वर्षं हौसेने झाडं चढतो, हिवाळ्यातही चढतो, आणि नवख्यांना शिकवतोही. त्यामुळे 'नकाच जाऊ' असं काही मी सांगणार नाही. फक्त प्रश्न जरा वेगळ्या टोकाने धरतो. चढताना थंडी वाजतच नाही. ती वाजते वर पोचून थांबल्यावर. आणि तेव्हा तुम्ही अशा जागी असता जिथून खाली यायचं तर बोटं शाबूत चालायला हवीत. गडावर थंडी वाजली तर आपण उठतो आणि पायवाटेने उतरू लागतो, चालता चालता अंग तापतं. झाडावर तसं नाही. उतरताना शरीराला कष्ट जवळपास नाहीतच, म्हणजे ऊब येत नाही, आणि नाजूक काम मात्र सगळं हातांनाच करायचं. म्हणून हिवाळ्यात मी प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नावर घासून बघतो : गारठलेल्या हातांनी मला इथून उतरता येईल का? झाड, वेळ, दोरी, मोजे, सोबतीला कोण, सगळं याच एका कसोटीवर.

सह्याद्रीचा अनुभव इथे कामाला येतो. गाठी हातात बसलेल्या असतात, एकमेकांचं हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) तपासायची सवय असते, उंचीची धास्ती गेलेली असते. पण तिकडे जानेवारीतही आपण कड्यावर घाम पुसत असतो, पाणी पुरेल का याचा हिशोब करत असतो, आग्या मोहोळ उठलं तर काय याची काळजी करत असतो. हात चालेनासे होणं हा धोका तिथे अंगवळणी पडलेला नाही, म्हणून इथे तो लक्षात यायला उशीर होतो.

आता 'किती अंश' याबद्दल. एक आकडा मी देणार नाही, कारण तो फसवा ठरेल. कॅस्केड रांगेच्या पूर्वेला, बेंडच्या बाजूला, उणे सहा अंशांत मी पाँडेरोसा पाइनवर मजेत बसलेलो आहे : हवा कोरडी, ऊन स्वच्छ, वारा नाही. आणि पोर्टलंडजवळ अधिक तीन अंशांत, रिमझिम पावसात, अर्ध्यावरून निमूट खाली आलेलो आहे. आपल्या खोऱ्यातला हिवाळा बहुतेक दिवस या दुसऱ्या प्रकारचा असतो, दोन ते आठ अंश आणि सगळीकडे ओल. ही ओली थंडी कोरड्या थंडीपेक्षा वाईट. त्यात वारा आला की हिशोबच बदलतो. शून्य अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे सहा-साडेसहासारखं लागतं, आणि हा आकडा कोरड्या कातडीचा आहे. ओल्या हातांचं विचारूच नका. जमिनीवर झुळूकही नसते तेव्हा शंभर फुटांवर शेंडे हलत असतात. म्हणून हवामान बघताना मी तापमानाच्या आधी दोन गोष्टी बघतो : वाऱ्याचे झोत आणि पावसाची शक्यता. झोत ताशी २५ किलोमीटरच्या वर सांगितले असतील तर मी त्या दिवशी चढत नाही, ऊन असलं तरी. कोलंबिया नदीच्या दरीतून (गॉर्जमधून) येणारा पूर्वेचा वारा ट्राउटडेल, ग्रेशमच्या बाजूला जास्त झोंबतो, हिल्सबरोला त्या मानाने कमी. पण शेत उघड्या माळावर असेल तर तिथला वारा तिथेच जाऊन बघावा लागतो.

तुमच्या पहिल्या चढाईसाठी माझं मत विचाराल तर : कोरडा दिवस, दोन-तीन दिवस पाऊस नसलेला, दुपारी किमान पाच-सहा अंश, वारा जवळजवळ नाही. असा दिवस नाताळच्या आठवड्यात मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर फेब्रुवारी आहे.

घामाचं जरा नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं गणित इथे बिघडतं. एका दोरीवर पायाला आणि गुडघ्याला असेंडर (दोरीवर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) लावून चढणं म्हणजे दहा-बारा मजले जिना चढणं, तेही दोन्ही हातांनी दोरी धरून. पहिल्या तीस-चाळीस फुटांतच अंग तापतं. जमिनीवर थंडी वाजली म्हणून सगळं चढवून निघालेला माणूस साठ फुटांवर आतून भिजलेला असतो, आणि वर जाऊन बसला की पाच-दहा मिनिटांत तोच घाम त्याला गारठवतो. म्हणून निघताना थोडं कुडकुडत निघा. जमिनीवर छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. आणि सावकाश चढा, थांबत, श्वास न लागू देता. उन्हाळ्यात वीस मिनिटांत चढलात त्याला हिवाळ्यात चाळीस लागू देत.

कपडे त्यावरून ठरतात. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर वारा अडवणारं हलकं जाकीट. जीन्स, सुती टी-शर्ट, सुती हुडी घरीच ठेवा. सूत ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषत राहतं. वर बसल्यावर घालायचं जाड जाकीट पिशवीत न्यायचं. ते कृत्रिम भरणाचं असू दे, कारण पिसांचं जाकीट भिजलं की पिसांचा गोळा होतो. महत्त्वाचं म्हणजे ते हार्नेस न सोडता, सगळ्यावरून घालता आलं पाहिजे, म्हणून एक माप मोठं घ्या. पण लांबीला आखूड हवं, समोरच्या डिव्हाइसपर्यंत, म्हणजे हार्नेसला दोरीशी जोडणाऱ्या उपकरणापर्यंत, लोंबता कामा नये. मफलर नको, लोंबत्या नाड्या नकोत, लांब केस बांधून कॉलरच्या आत. डिव्हाइसमध्ये कापड किंवा केस ओढले गेले की तिथल्या तिथे अडकायला होतं. हेल्मेटखाली पातळ टोपी, पण ती घालून हेल्मेट डुगडुगत नाही ना ते बघा. बूट किंचित सैल, आत एकच जाड मोजा. दोन मोजे कोंबलेत आणि त्यावर फूट असेंडरचा पट्टा आवळलात तर पायाचं रक्त अडतं आणि बोटं आधी बधिर होतात. हार्नेस या सगळ्या कपड्यांवर घरीच एकदा चढवून, दाराच्या आड्याला नाहीतर झोपाळ्याच्या कडीला लटकून बघा. उन्हाळ्यात नीट बसणारे मांडीचे पट्टे हिवाळी पँटवर वेगळेच काचतात.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही : थंडीत लघवीला जास्त होते. तीन थर आणि त्यावर हार्नेस. बांधाबांध करायच्या आधी जाऊन या.

आता हात. मी हातमोज्यांचे तीन जोड नेतो. एक कामाचा, तळव्याला रबर असलेला, पातळ. दुसरा अगदी तसाच, कोरडा, छातीच्या खिशात, अंगाच्या उबेत. तिसरा वर बसल्यावर घालायचा, बोटांना वेगळी घरं नसलेला जाड मिटन. प्रत्येकाला दोरीचा छोटा फास बांधलेला, म्हणजे काढला तरी हार्नेसला लटकतो. शंभर फुटांवरून खाली पडलेला मोजा परत मिळत नाही, आणि हिवाळ्यात एक मोजा गेला म्हणजे चढाई संपली. धातूला उघड्या बोटांनी हात लावू नका. कॅराबिनर (दार असलेली धातूची कडी) पकडला की ऊब सरळ त्यात जाते. हात सतत डोक्याच्या वर ठेवून दोरी ओढली तरी बोटं लवकर गार पडतात, कारण रक्त वर कमी पोचतं. दर थोड्या वेळाने थांबून हात खाली सोडा आणि खांद्यापासून झुलवा.

हात चालतायत की नाही हे ठरवायला मी दोन परीक्षा घेतो, स्वतःचीही आणि सोबतच्याचीही. पहिली : अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा. टेकत नसेल, किंवा टेकवायला दुसऱ्या हाताची मदत घ्यावीशी वाटत असेल, तर उतरायला लागा. दुसरी : हार्नेसवरचा एक रिकामा, तिहेरी कुलुपाचा कॅराबिनर एका हाताने, मोज्यासकट उघडून बंद करा. दारावरची बाही (कुलुपाची नळी) वर सरकवायची, वळवायची, मग दार आत ढकलायचं. तिन्ही कामं बोटांना वेगवेगळी करावी लागतात. गारठलेला हात पहिली दोन करतो आणि तिसरीपर्यंत बाही परत फिरलेली असते. दोनदा असं झालं की माझ्या हिशेबाने वेळ संपली. ही परीक्षा वर पोचल्यावर घ्याच, पण अर्ध्या उंचीवरही घ्या. तिथे नापास झालात तर वर जाऊन पास होणार नाही.

याच कॅराबिनरची आणखी एक खोड आहे. बाहीत पाणी शिरून गोठलं की दार मिटल्यासारखं दिसतं, पण कुलूप लागलेलं नसतं. उन्हाळ्यात 'टक्' आवाजावर विश्वास ठेवून आपण पुढे जातो. हिवाळ्यात प्रत्येक वेळी दार बोटाने दाबून बघायचं, बोलून दाखवायचं आणि मगच भार टाकायचा.

माणूस गारठायला लागला की आधी त्याच्या बोलण्यात आणि हालचालीत दिसतं. चिडचिड, शब्द अडखळणं, वस्तू हातातून सुटणं, साध्या प्रश्नाला 'हो हो ठीक आहे' असं उडवून लावणं. त्याला स्वतःला हे कळत नाही, म्हणून जमिनीवरच्या माणसाने दर थोड्या वेळाने बोलतं ठेवायचं. मी काहीतरी हिशोब विचारतो, 'खाली किती दोरी उरलीय?' असा. उत्तर कसं येतं त्यावरून पुष्कळ कळतं.

दोरीबद्दल. ओली दोरी आणि गोठलेली दोरी या वेगवेगळ्या भानगडी आहेत. दोरी ओली झाली की ब्लेक हिचसारखी घर्षणाची गाठ आवळून बसते आणि सोडवायला जोर लागतो, म्हणजे पुन्हा बोटंच. तीच दोरी गोठली की वरून गुळगुळीत होते आणि गाठ घसरू शकते. असेंडरच्या दातांत बर्फाचा चिखल बसला की तोही धरत नाही. नायलॉन पाणी शोषतं आणि त्याची ताकद काहीशी उतरते; पॉलिएस्टर फार कमी शोषतं. झाडाच्या दोऱ्यांचं बाहेरचं आवरण बऱ्याचदा पॉलिएस्टरचं असतं, तुमच्या दोरीच्या चिठ्ठीवर बघा. पण कुठलीही असो, तापमान शून्याच्या आसपास जाणार असेल आणि दोरी ओली असेल तर चढू नका. चढायची दोरी रात्रभर झाडावर कधीच सोडू नका. मी आदल्या दिवशी दुपारी वजनाची छोटी पिशवी फांदीवरून फेकून फक्त थ्रो लाइन (नंतर दोरी वर ओढायची बारीक दोरी) लावून ठेवतो आणि दोरी घरात, कोरडी. सकाळी थ्रो लाइन मोकळी सरकते का ते बघतो. कुठे सालीला गोठून चिकटली असेल तर तेव्हाच कळतं. मग दोरी वर ओढून पहिल्या पाच फुटांवर पूर्ण भार टाकून चढणं आणि उतरणं दोन्ही करून बघतो. त्या दिवशी, त्या दोरीवर, ते डिव्हाइस कसं वागतं हे जमिनीजवळ कळलेलं बरं. तळहाताने दाबून उतरता येणारं डिव्हाइस असेल तर हिवाळ्यात ते वापरा, बोटांनी गाठ ओढत उतरण्यापेक्षा.

झाडाकडे येतो. डग्लस फर हिवाळ्यासाठी चांगलं झाड आहे, पण विशिष्ट झाड चांगलं आहे का हे बुंध्यापासून बघावं लागतं. आपल्या भागात या झाडाच्या मुळांना लॅमिनेटेड रूट रॉट नावाची बुरशी लागते. वर झाड बऱ्यापैकी हिरवं दिसतं आणि खाली मुळं कुजलेली असतात. शेंडा विरळ आणि पिवळसर दिसतोय का, यंदाची वाढ आखूड आहे का, आजूबाजूची फर आधीच आडवी झालीत का, बुंध्याशी किंवा खोडावर फळीसारखी अळंबी आलीत का, एका बाजूची माती उचकटल्यासारखी दिसते का, हे सगळं बघा. डिसेंबरात जमीन पाण्याने भिजून मऊ झालेली असते आणि मुळांची पकड तेव्हाच सगळ्यात कमी असते. यातलं काहीही दिसलं तर ते झाड सोडून द्या.

मग दुर्बिणीने वर बघा. फेब्रुवारी २०२१ आणि जानेवारी २०२४ या दोन्ही वेळी विलामेट खोऱ्यात गोठणारा पाऊस (फांदीला लागताच बर्फ होणारा) पडून झाडांची दाणादाण उडाली होती. तेव्हा मोडलेल्या कित्येक फांद्या खाली न पडता वरच अडकून राहिल्या. दोरी ओढताना, नाहीतर चढणाऱ्याच्या हालचालीने, त्या निसटतात. अशी एकही फांदी तुमच्या दोरीच्या वर असेल तर दोरी दुसरीकडे लावा. फरच्या खालच्या बऱ्याच फांद्या मेलेल्या असतात. त्यांवर पाय देऊ नका. कडाक्याच्या थंडीत लाकूड ताठ होतं, त्यामुळे एरवी वाकून इशारा देणारी फांदी वाकत नाही, एकदम मोडते. दोरी अडकवायला मी खोडालगतची, जिवंत, किमान चार इंच जाडीची फांदी धरतो, आणि पहिल्यांदा दोघांनी मिळून दोरीला लोंबकळून बघतो. शेंड्याकडे खोड हाताच्या दोन तळव्यांत मावेल इतकं बारीक होतं, त्याच्या बरंच खाली थांबतो. दीडशे फुटी झाडावर एकशे वीस फुटांवरूनही माउंट हूडचं शिखर दिसायचं असेल तर दिसतंच.

काट्यांचं : नाही. १९८३ मध्ये अटलांटात पीटर जेंकिन्स यांनी ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल सुरू केली, तिथून हा छंद पसरला, आणि जिवंत झाडाला काटे लावायचे नाहीत हे या छंदात पहिल्या दिवशी शिकवतात. झाड पाडायचंच असेल तेव्हा ते वापरतात. डग्लस फरची साल बुंध्याशी जाडजूड असते, पण वर ती पातळ होते आणि प्रत्येक टोच म्हणजे आतल्या जिवंत थराला जखम. शिवाय काट्यांवर उभं राहून दीडशे फूट उतरणं हे गारठलेल्या पायांनी करायचं काम नव्हे.

मेपल सोपा वाटतो, हिवाळ्यात तो फरहून अवघड. पानं गळलेली असताना सांगाडा छान दिसतो हे खरं, पण कुठली फांदी मेलीय हे उन्हाळ्यात पानांवरून चटकन कळतं, आता ते कळत नाही. कळ्या आहेत का, बारीक काड्या टोकापर्यंत शाबूत आहेत का, साल सुटलीय का, असं फांदीफांदीने बघत बसावं लागतं. आणि बिगलीफ मेपलवरचं ते शेवाळ! पावसाळी महिन्यांत ते स्पंजासारखं भिजलेलं असतं, फांदीवर मोठा भार असतो, आणि खालची कूज झाकली जाते. नलिनी नाडकर्णी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. झाडांच्या शेंड्यांवरच्या परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही संशोधकांपैकी त्या एक. त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला शोध नेमका याच झाडाबद्दल आहे : मेपलच्या फांद्यांवर शेवाळाखाली माती साठते आणि झाड स्वतःच्या फांदीतून तिथे मुळं सोडतं. दोरी घासून किंवा बूट सरकून ती गादी एकदा उपटली की परत यायला कितीतरी वर्षं लागतात. त्याच नाडकर्णी २०१५ मध्ये ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या जंगलात संशोधन करताना सुमारे पन्नास फुटांवरून पडल्या, जबर जखमी झाल्या आणि बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या. तीन-चार दशकं हेच काम करणाऱ्या बाईंच्या बाबतीत हे होऊ शकतं, म्हणून खाली लिहितोय ते जरा मनावर घ्या.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात कमी जागा जिला मिळालीय ती गोष्ट म्हणजे खाली कोण असणार. 'बायकोबरोबर' म्हणजे दोघं एकदम वर? हिवाळ्यात ते नको. एक वर, एक खाली, आणि शक्यतो तिसरं कोणी फोन घेऊन. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि तो लवकर बेशुद्ध होऊ शकतो. थंडीत त्याला शुद्ध असली तरी हात चालत नाहीत. ९११ ला फोन केला तर मदत येईल, पण शिडीची गाडी साधारण शंभर फुटांपर्यंत पोचते आणि तिला पक्का रस्ता लागतो. डिसेंबरातल्या शेतात ती रुतेल. तुमच्या माणसाला खाली आणायची सोय तुमच्याचकडे हवी.

त्यासाठी मी हिवाळ्यात दोरीचं खालचं टोक बुंध्याला अशा पद्धतीने बांधतो की खालचा माणूस ते डिव्हाइसमधून सोडत जाईल आणि वरचा माणूस त्याच्या दोरीसकट खाली येईल. याला दोरी भरपूर लागते, आणि नवखे इथेच कमी पडतात. दोरी एकशे वीस फुटांवरच्या फांदीवरून गेली असेल तर दोन्ही बाजू मिळून दोनशे चाळीस फूट. माणूस अगदी वर असताना त्याला जमिनीपर्यंत सोडायला आणखी एकशे वीस. म्हणजे तीनशे साठ, गाठींचं वेगळं. दोन दोऱ्या जोडून करता येतं, पण जोडाची गाठ डिव्हाइसमधून जाणार नाही, त्याची तयारी आधी करावी लागते. आणखी दोन गोष्टी. अशा बांधणीत वरच्या फांदीवर चढणाऱ्याच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, म्हणून फांदी निवडताना चालढकल नको. दुसरं, फरच्या फांद्या दाट असतात. सोडलेला माणूस मध्येच फांदीवर अडकू शकतो. चढायची वाट मोकळी, शक्यतो झाडाच्या उघड्या बाजूची घ्या, आणि ज्या उंचीपासून सरळ खाली येता येत नाही तिथून वर पहिल्या हिवाळ्यात जाऊच नका.

हे सगळं तुमच्या बायकोला हाताने करता आलं पाहिजे. नुसतं माहीत असून भागत नाही. एखाद्या बऱ्या दिवशी वीस फुटांवर तुम्ही मुद्दाम हात सोडून लटका आणि त्यांना तुम्हाला खाली आणू द्या, मोजे घालून. मग जागा बदला. जमिनीवर उभं राहणारा माणूस वरच्यापेक्षा जास्त गारठतो, कारण तो हलतच नाही. त्याच्यासाठीही जाड जाकीट, थर्मासमध्ये चहा, आणि उभं राहायला पायाखाली फोमची चटई.

बर्फाबद्दल तुमची हौस मी समजू शकतो. पण आपल्याकडचा बर्फ बहुधा शून्याच्या आसपास पडतो, म्हणजे ओला आणि जड. फांद्या वाकलेल्या असताना झाडाखाली उभं राहणंही शहाणपणाचं नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशीचं ऊन. झाड मोहक दिसतं आणि वितळणाऱ्या बर्फाची ढेकळं ऐंशी-नव्वद फुटांवरून सुटत असतात. गोठणारा पाऊस झाला असेल तर काही आठवडे कुठल्याच झाडावर नको. कोरडी थंडी, हलका भुरभुरीत बर्फ आणि वारा नाही, असा दिवस खोऱ्यात क्वचित येतो. आला तरी तुमच्या पहिल्या हिवाळ्यात तो जमिनीवरूनच बघा.

वेळेचं सोपं आहे. डिसेंबरच्या शेवटी साडेचारला सूर्य मावळतो आणि फरच्या दाटीत साडेतीनलाच अंधारून येतं. दहाला सुरुवात, वर पंधरा-वीस मिनिटं, दोनच्या आत पाय जमिनीवर. हेडलाइट तरीही हेल्मेटला लावलेला असू दे.

एवढं वाचून वाटेल की मग जायचंच कशाला. हिवाळ्याचे फायदेही आहेत. गांधीलमाश्या नसतात. फरचा डिंक, जो उन्हाळ्यात दोरी, केस, मोजे सगळं चिकट करून ठेवतो, तो थंडीत टणक असतो. मार्बल्ड मरलेटसारख्या पक्ष्यांचा विणीचा काळ नसतो. मात्र शिंगळे घुबड आणि बाल्ड ईगल जानेवारी-फेब्रुवारीतच घरट्यांच्या मागे लागतात, तेव्हा झाडावर किंवा आसपास काटक्यांचं मोठं घरटं दिसलं तर ते झाड त्यांचं समजा. आणि वर फांद्यांच्या बेचक्यात सुयांच्या बारीक तंतूंचा गबाळा गोळा दिसला तर हात लावू नका. रेड ट्री वोल नावाचा उंदराएवढा प्राणी या फरच्या सुया खातो, सुईतली डिंकाची नळी आधी सोलून बाजूला काढतो आणि त्याच नळ्या घरट्यात अंथरतो. तो बाराही महिने घरीच असतो.

खाली आल्यावर दोरी सैल वेटोळी करून घरात टांगा, हीटरपासून लांब. कॅराबिनर पुसून, उघडझाप करून ठेवा. आणि चढायच्या आधी त्या फरच्या बुंध्याचे चारी बाजूंनी आणि शेंड्याचा एक असे फोटो टाका. तुमची दोरी किती फुटी आहे तेही लिहा. ती दोनशेच्या आसपास असेल, असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर आधी साठ-सत्तर फुटी झाड शोधू.